‘जाऊ नका’ म्हणणारी बाई

गेल्या शुक्रवारी आम्ही घरातला एसी बंद केला आणि खिडक्या उघडल्या. शारजातल्या आमच्या अल मजाज वस्तीत हिवाळा लागतो तो असा, एक आवाज बंद होऊन. उन्हाळाभर कानात भिनलेली ती घरघर थांबते आणि खालचं सगळं वर यायला लागतं. समोरच्या खाऱ्या तळ्याच्या, लगूनच्या काठावर सायकल शिकणारी मुलं, कुठल्यातरी स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्ट्या, अजान, आणि पाण्याचा किंचित खारट वास. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं एकमेकांकडे बघून हसतात. माझा नवरा विनय, ज्याला ऑगस्टमध्ये ‘जरा बाहेर जाऊन येऊ’ म्हटलं तर आपल्याला कुणी भट्टीत लोटतंय असं वाटतं, तो स्वतःहून चहाचा थर्मास घासायला काढतो.

आणि रस्त्यावर कयाक दिसू लागतात. गाड्यांच्या टपावर पालथ्या बांधलेल्या त्या चिंचोळ्या वल्हवायच्या होड्या, पिवळ्या, केशरी, पोपटी, सुट्टीच्या सकाळी पूर्वेला निघालेल्या, डोंगर ओलांडून फुजैराच्या बाजूच्या समुद्राकडे. बघून कुणालाही बरं वाटावं असंच ते दृश्य आहे. मला मात्र राग येतो. दोन वर्षं झाली तरी तो ताजा आहे, आणि खरं सांगायचं तर तो शिळा होऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

रागाआधीचं सांगते, कारण तो हिवाळा फार सुंदर होता.

मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका रंगांच्या कारखान्याच्या ऑफिसात काम करते. समोर गॅरेज, बाजूला पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम. माझ्या खिडकीतून दिसणारी एकमेव हिरवी गोष्ट म्हणजे फोर्कलिफ्ट. मुलगी इरा तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षांत होती. खोलीचं दार बंद, कानात इअरफोन, आणि मी मराठीत काही विचारलं की इंग्रजीत अर्धं वाक्य परत. तिनंच एक दिवस फोनवर जाहिरात दाखवली. खाडीतल्या खारफुटीतून कयाकिंग, अनुभवी गाइड, महिन्यातून एकदा किनाऱ्यावर तंबूत मुक्काम. मी म्हटलं, तू जा. ती म्हणाली, “आई, यू नीड धिस मोअर दॅन मी.” त्या वर्षातलं तिचं मला उद्देशून बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं, म्हणून मी गेले.

गाइड म्हणजे फ्लोरी. वसईची. रुंद खांद्यांची, उन्हानं रापलेली, चाळिशीच्या आसपासची, मोठ्या आवाजाची बाई. तिकडे शाळेत पी.टी. शिकवायची, मग दुबईत एका हॉटेलच्या स्विमिंग पूलवर नोकरी केली, तिथून परीक्षा देऊन देऊन समुद्रावरची गाइड झाली. पहिल्या सकाळी किनाऱ्यावर मी इराला मराठीत काहीतरी बोलले ते तिनं ऐकलं आणि सरळ माझ्याकडे आली. माझ्या लाइफ जॅकेटचा पट्टा तिनं असा ओढला की माझा श्वास अडकला. “घट्ट असू द्या ताई,” ती म्हणाली. “सैल जॅकेट वर जातं आणि माणूस खाली.”

गोड बोलणं तिला जमत नसे. वल्हं चुकीचं धरलं तर ती लांबून नाव घेऊन ओरडायची, मग तुम्ही बँकेत मॅनेजर असा नाहीतर डॉक्टर. पण कुणाला भीती वाटली की तिला न सांगता कळायचं. मग ती आपली कयाक आणून त्या माणसाच्या कयाकला खेटवायची आणि भलत्याच विषयावर बोलत राहायची. वसईच्या केळ्यांवर, तिच्या भावाच्या लग्नात बँडवाले उशिरा आले त्यावर. पंधरा मिनिटांनी भ्यालेला माणूस आपण वल्हवतोय हे विसरून वल्हवत असायचा. मी असंच शिकले.

या देशाबद्दल लोकांच्या डोक्यात वाळू असते, माझ्याही होती. त्या खाडीत शिरल्यावर ती पार धुतली गेली. दोन्ही बाजूंना तिवरांचं दाट रान, पाण्यात पाय सोडून बसलेलं. चिखलातून वर आलेली पेन्सिलींसारखी मुळं, त्यांच्यामधून तिरके पळणारे खेकडे. ओहोटी लागली की चिखलाला तो वास सुटायचा, ज्याला इरा नाक मुरडायची. फ्लोरी मात्र तो मुद्दाम दीर्घ श्वास घेऊन आत ओढायची आणि म्हणायची, घरी आल्यासारखं वाटतं. पानांच्या आत कुठेतरी खंड्या ओरडायचा. तो निळा रंग एकदा दिसला की दिवसभर डोळ्यांत राहतो. कधी कयाकच्या पुढ्यातच पाणी हलायचं, एक म्हातारं, सुरकुतलेलं डोकं वर यायचं, आपल्याकडे नापसंतीनं बघायचं आणि परत खाली जायचं. कासवं. त्यांच्या मागे जायचं नाही हा फ्लोरीचा कायदा होता. वल्हं आडवं ठेवायचं, गप्प राहायचं, त्यांचं ती बघून घेतात.

खाडीच्या तोंडाशी रान संपतं आणि एकदम उघडा समुद्र लागतो. मागे डोंगर उभेच्या उभे, गवताच्या एका पात्याशिवाय. सकाळी ते जांभळट असतात, दुपारी भाजलेल्या मातीच्या रंगाचे, आणि संध्याकाळी त्यांच्यावर असा काही उजेड पडतो की बडबडी माणसंही वल्हं मांडीवर ठेवून बघत राहतात. समोर क्षितिजावर तेल भरून घ्यायला थांबलेल्या जहाजांची रांग. इराला ती जहाजं कुरूप वाटायची. मला ती कुठल्यातरी ऑफिसबाहेर नंबर लागायची वाट बघत बसलेल्या माणसांसारखी वाटायची. त्या हिवाळ्यात मी आणि इरा पुन्हा बोलायला लागलो. दोघींच्या कयाकमध्ये पुढे ती, मागे मी. एकमेकींची तोंडं दिसत नाहीत, त्यामुळे बोलणं सोपं जातं. तिला आर्किटेक्ट व्हायचं नाही हे मला समुद्रावर कळलं.

मुक्कामाची जागा म्हणजे डोंगराच्या दोन सोंडांमध्ये अडकलेली एक छोटी पुळण. गाडी तिथं पोचत नाही, फक्त पाण्यातून जाता येतं. तंबू ठोकायचे, वाळूत खड्डा करून शेकोटी पेटवायची, आणि फ्लोरी वसईहून आलेला घरचा मसाला लावून मासे भाजायची. सकाळी तंबूचं कापड दवानं भिजून जड झालेलं असायचं. निघताना प्रत्येकाला एकेक पिशवी मिळायची, किनाऱ्यावर वाहून आलेलं प्लास्टिक गोळा करायला. कुणी म्हटलं की हा कचरा आम्ही केलेला नाही, तर ती म्हणायची, मग ज्यानं केलाय तो येईपर्यंत थांबूया का? असं तिचं बोलणं. काहींना ते लागायचं.

मला वाटतं तिथूनच सगळं सुरू झालं असावं. पुरुष गाइड ओरडला तर तो कडक. फ्लोरी ओरडली तर ती उद्धट.

डिसेंबरच्या मुक्कामाला आमच्याबरोबर एका इंटीरियर कंपनीचा ग्रुप होता, टीम-बिल्डिंगसाठी आलेला. बहुतेक मराठी. त्यांचा बॉस अभिजित. सगळे त्याला सर म्हणत, त्यामुळे दुपारपर्यंत आम्हीही म्हणायला लागलो. पन्नाशीचा, तब्येत राखलेला, हसतमुख माणूस. त्याच्याबरोबर बायको मेधा. ती फार बोलत नव्हती. कयाकमध्ये बसताना तिनं दोन्ही हातांनी कड घट्ट धरून ठेवली होती ते मला दिसलं, फ्लोरीलाही दिसलं असणार, कारण पहिला तासभर फ्लोरीची कयाक मेधाच्या बाजूला होती आणि केळ्यांचं पुराण माझ्या कानावर येत होतं.

संध्याकाळ छान गेली. अभिजितनं गाणी म्हटली, चांगली म्हटली. मासे कमी पडले तेव्हा स्वतःच्या ताटातला तुकडा त्यानं ऑफिसातल्या रेश्मा नावाच्या मुलीला दिला. हे मुद्दाम सांगते, कारण तो दुष्ट माणूस होता असं म्हटलं की सोपं होतं. तो दुष्ट नव्हता. त्याला ‘नाही’ ऐकायची सवय नव्हती, इतकंच, आणि त्याच्या भोवतीचं कुणीच त्याला ती सवय लावणार नव्हतं.

सकाळी उठलो तेव्हा वारा सुटलेला होता. समुद्रावरून येणारा नाही, डोंगरावरून खाली येणारा. तंबूंची कापडं पाण्याच्या दिशेला फडफडत होती. फ्लोरीनं सगळ्यांना एकत्र बोलावलं. तिनं सांगितलं ते मी इथं तिच्याच शब्दांत लिहिते, कारण पुढे त्या शब्दांवरूनच सगळं झालं.

“आत्ता कुणीही जाऊ नका,” ती म्हणाली. “काठाजवळ पाणी सपाट दिसतंय ते डोंगराच्या आडोशामुळे. सोंडेच्या पलीकडे गेलात की हा वारा तुम्हाला बाहेर ढकलत नेणार, आणि त्याच्याविरुद्ध वल्हवत परत येणं तुमच्यातल्या कुणालाही जमणार नाही. दुपारी पडेल. नाही पडला तर मी मोटरबोट मागवते.”

हेच तिनं पुन्हा हिंदीत आणि इंग्रजीत सांगितलं. तीन भाषांत.

अभिजितला दुपारी दुबईत मीटिंग होती. तो आधी हसत बोलला. पाणी बघा, तळं आहे तळं. मग जरा कमी हसत, की आम्ही काल एवढं अंतर आरामात आलो. फ्लोरीनं नाही म्हटलं. तो म्हणाला, तुमच्या मालकाला फोन लावा. तिनं लावला. मालकानं काय सांगितलं असेल याची मला आता पूर्ण कल्पना आहे, कारण पुढे तो माझ्याशीही तसाच बोलला. निर्णय तुझा, पण गेस्ट नाराज व्हायला नकोत. फ्लोरीनं फोन खिशात टाकला आणि म्हणाली, थांबायचं. मग ती पुळणीच्या दुसऱ्या टोकाला तंबू सोडवायला गेली, वाऱ्यात ते उडून जायला लागले होते.

अभिजितनं तेवढ्यात कयाक पाण्यात लोटली. दोघांची. मेधा पुढे. ऑफिसातल्या कुणीतरी मागून हातभार लावला, सर म्हणाले म्हणून. इरा धावत त्यांच्यापर्यंत गेली आणि इंग्रजीत म्हणाली की गाइडनं नाही म्हटलंय. त्यानं तिच्याकडे बघून अंगठा वर केला. मेधानं एकदा वळून किनाऱ्याकडे पाहिलं. मी हाक मारली, वारा माझ्याच बाजूनं तिकडे जात होता, तिला ती पोचली असणार. ती पुन्हा समोर वळली.

कयाक सोंडेपर्यंत अगदी झोकात गेली. तिथपर्यंत खरोखरच तळं होतं. सोंड ओलांडली आणि कुणीतरी बोटानं ढकलल्यासारखी ती आडवी सरकू लागली.

फ्लोरी पुळणीवरून पळत आली ती शिव्या देत. तिनं आपला फोन इराच्या हातात दिला, कोस्टगार्डला लाव आणि आपण कुठे आहोत ते सांग म्हणाली. मग माझा दंड धरला. “ताई, यातला एकही माणूस पाण्यात उतरता कामा नये. कुणी ऐकलं नाही तर आडवं पाडा.” आणि ती गेली. एकटी.

उरलेलं आम्ही खडकावर चढून पाहिलं. दूरवर कयाक उलटलेली, केशरी पाठ वर. अभिजित तिला धरून होता. मेधाचा हात सुटला होता. रिकामी कयाक वाऱ्यानं भराभर पुढे जाते, पाण्यातलं माणूस मागे राहतं. दोघांमधलं अंतर आमच्या डोळ्यांदेखत वाढत होतं. फ्लोरी मधोमध पोचली तेव्हा तिला एकीकडेच जाता येणार होतं. ती ओरडून त्याला काहीतरी म्हणाली आणि मेधाकडे वळली. नंतर तिनं मला सांगितलं की ‘कयाक सोडू नका, बोट येतेय’ असं ती ओरडली होती. त्याच्याकडे धरायला काहीतरी होतं, मेधाकडे काहीच नव्हतं. यात विचार करण्यासारखं काय होतं, असं तिनं मलाच विचारलं.

मेधाला तिनं आपल्या कयाकच्या मागच्या बाजूवर पालथं झोपवलं, आपली कंबर धरून ठेवायला सांगितलं, आणि वाऱ्याविरुद्ध वल्हवत परत आणायला सुरुवात केली. किती वेळ लागला ते मला माहीत नाही. इरा माझा हात धरून उभी होती, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा. खडकाशी आल्यावर आम्ही मेधाला वर ओढलं. ती निळी पडली होती आणि सतत सॉरी म्हणत होती. कुणाला, ते तिलाही कळत नसावं. फ्लोरी परत फिरणार तेवढ्यात दूरवर मच्छीमारांची एक बोट अभिजितच्या दिशेला वळताना दिसली. इरानं केलेल्या फोनमुळे त्यांच्यापर्यंत निरोप गेला की त्यांना तो असाच दिसला, कोण जाणे. त्याला उचलून त्यांनी बंदरावर नेलं. एक खरचटल्याचीही जखम नव्हती.

दोघं वाचली. इथं गोष्ट संपायला हवी होती.

दोन आठवड्यांत फ्लोरीची नोकरी गेली. अभिजितनं कंपनीकडे लेखी तक्रार केली आणि इंटरनेटवरही टाकली. गाइडनं हवामानाची कल्पना दिली नाही. गाइड उद्धट होती. संकटात गाइड मला पाण्यात सोडून निघून गेली. यातलं शेवटचं वाक्य इतकं खरं आणि इतकं खोटं आहे की ते वाचून मी ऑफिसात उभी राहिले आणि मला पुन्हा खाली बसता येईना.

मी गप्प बसले नाही. मालकाला फोन केला, मग इराला घेऊन समोर जाऊन भेटले. त्याचं गोदाम आमच्या कारखान्यापासून दोन चौक पुढे आहे, तिथं उन्हाळ्यात कयाक रचून ठेवलेल्या असतात. त्यानं मला कॉफी दिली, फार सभ्यपणे ऐकून घेतलं. मी सांगितलं, माझ्या मुलीनं सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, फ्लोरी बरोबर होती हे मला माहीत आहे. मी म्हटलं, मग? तर म्हणाला, ती कंपनी दरवर्षी ग्रुप पाठवते. शिवाय त्यांच्या बाजूनं एवढे लोक आणि तुमच्या बाजूनं तुम्ही दोघी. खलास. तो एक शब्द म्हणताना त्यानं हात झटकले, धूळ झटकावी तसे.

मला आजवर अनेक माणसांनी खोटं सांगून फसवलं आहे, त्याचं इतकं वाटत नाही. ‘तुमचं खरं आहे’ असं सांगून ज्यानं मला दारापर्यंत सोडलं, त्याचा चेहरा मी विसरत नाही.

आणि ते एवढे लोक. त्यांच्यातली रेश्मा मला आमच्याच बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये भेटायची. मी विचारलं, तू माझ्या शेजारी उभी होतीस, तू ऐकलंस ना? ती मजल्यांच्या आकड्यांकडे बघत म्हणाली की आम्ही सामान बांधत होतो, नीट ऐकू आलं नाही. तिच्या नवऱ्याची नोकरी तेव्हा गेलेली होती, हे मला माहीत होतं. तिची अडचण मला समजते. इथं आपण सगळेच कुणाच्या तरी सहीवर राहतो, नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की मुलांची शाळा जाते. विनयनंही मला हेच सांगितलं, जरा जपून, तो अभिजित इथल्या मराठी मंडळात आहे, सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मी त्याला म्हटलं की फ्लोरीचाही व्हिसा सहीवरच होता. तिनं सकाळी त्या पाण्यात शिरताना ते मोजलं असतं तर?

इरा जेवणाच्या टेबलावर एवढंच म्हणाली. “एव्हरीबडी हर्ड, आई. शी सेड इट इन थ्री लँग्वेजेस.” ती रागावली नव्हती, चकित झाली होती. मोठी माणसं असं करू शकतात हे तिला नव्यानं कळत होतं, आणि ते कळताना तिच्या शेजारी बसून राहण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं. या रागातला सगळ्यात मोठा वाटा बहुधा त्या जेवणाचा आहे.

जानेवारीत मराठी मंडळींचा संक्रांतीचा कार्यक्रम झाला. भाड्याचा हॉल, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेली बाळं. तिळगुळाबरोबर छोले-भटूरे, कारण केटरर पंजाबी होता. फनफेअर, उखाणे, मग ‘या वर्षीचा अनुभव’ असा माइकवरचा कार्यक्रम, आणि अर्थात अभिजित. तो चांगला सांगतो. लाटा मोठ्या झाल्या होत्या, तेलाची जहाजं जवळ आली होती. लोक श्वास रोखून ऐकत होते. मग तो गाइडवर आला. तिचा आवाज काढून दाखवला, वसईची बोली काढून दाखवली. हशा पिकला. “बाईंना वारा कळत नव्हता, पण मासे मात्र झकास भाजायच्या,” तो म्हणाला. आणखी हसले.

मी उठणार होते. विनयनं माझ्या हातावर हात ठेवला आणि मी तो काढला, तेवढ्यात समोरच्या रांगेशी मेधा थबकून उभी राहिली. तिच्या हातात तिळगुळाचा डबा होता, ती वाटत वाटत तिथवर आली होती. माइक तिच्याकडे नव्हता. तिनं आवाजही चढवला नाही, पण लोक हसायचे थांबत होते त्या नेमक्या फटीत ती बोलली.

“ती जाऊ नका म्हणाली होती. मी ऐकलं होतं, अभिजित. तूही ऐकलं होतंस.”

तो माइकमध्ये हसला आणि म्हणाला, बसा मॅडम, घरी बोलू.

ती बसली नाही. “मला तिनं आणलं,” ती म्हणाली. “तिनं आणलं नसतं तर तू आज इथं वेगळंच काहीतरी सांगत असतास.”

मग तिनं डब्याचं झाकण लावलं आणि ती हॉलच्या मागच्या बाजूला चालत गेली.  कार्यक्रम चालवणाऱ्या बाईंनी थोड्या वेळानं जेवण तयार असल्याचं जाहीर केलं आणि सगळे सुटल्यासारखे भटूऱ्यांकडे गेले. मी आणि इरा मेधाकडे गेलो. तिनं डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, कयाकची कड धरली होती तसाच. तिनं इराला विचारलं, फ्लोरीचा नंबर आहे का तुझ्याकडे?

दुसऱ्या दिवशी ती मालकाकडे स्वतः गेली. बायकोनंच सांगितलं म्हटल्यावर त्याच्यापुढे इलाज उरला नाही. तक्रार रद्द झाली, इंटरनेटवरूनही काढली गेली. त्यानं फ्लोरीला परत बोलावलं. ती म्हणाली, येते, पण तक्रार जितक्या लोकांना गेली होती तितक्यांना कळवा की माझा निर्णय बरोबर होता. तो म्हणाला, इन्शाल्ला, बघू. तिनं ते ‘बघू’ ओळखलं आणि एका शाळेतली पोहणं शिकवायची नोकरी धरली. आता ती दिवसभर क्लोरीनच्या पाण्याच्या कडेला उभी राहून ओरडते. पलीकडच्या डोंगराखाली खाडी आहे, तिवरं आहेत, कासवं आहेत, आणि ती नाही. अभिजितनं फोनवर किंवा कुणाकरवी तिची माफी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. त्या दोघांच्या घरात पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

लोक मला सांगतात की शेवटी सगळं चांगलंच झालं ना. दोघं वाचली, खरं बाहेर आलं, तिला नोकरीही मिळाली. असं म्हणणाऱ्यांपैकी कुणाचंही काही गेलेलं नसतं.

या हंगामाची जाहिरात मला परवा फोनवर आली. तीच कंपनी, नवे फोटो. खाली ठळक अक्षरांत सुरक्षेचे नियम, आणि पहिलाच नियम असा की समुद्रावर गाइडचा निर्णय अंतिम असेल, त्यावर चर्चा होणार नाही. त्याखाली मालकाचा हसरा फोटो आणि अशा जबाबदार धोरणाबद्दल त्याचं कौतुक करणाऱ्या गिऱ्हाइकांची लांबलचक माळ. मी फ्लोरीला फोन लावून वाचून दाखवलं. मला वाटलं ती माझ्याहून जास्त चिडेल. तिनं ऐकून घेतलं, मागे पोरांचा आणि पाण्याचा दंगा चालू होता. मग म्हणाली, “लोक परत येतात ना सगळे? मग राहू द्या ताई.”

तसं म्हणायचा हक्क तिचा आहे. मला राहू देता येत नाही.

रविवारी मी आणि मेधा त्या किनाऱ्यावर गेलो. इरा आता शिकायला बाहेरगावी आहे. मेधा गेलं वर्षभर फ्लोरीकडे पोहायला जाते आणि आता बरी पोहते. नवी गाइड नेपाळची आहे, तरुण, मऊ आवाजाची. तिनं सगळ्यांना गोल उभं केलं आणि पहिला नियम पाठ केल्यासारखा म्हणून दाखवला. मेधानं हात वर केला आणि हिंदीत विचारलं की हा नियम इथं कशामुळे आला ते तुला कुणी सांगितलंय का. ती नाही म्हणाली. तेव्हा मेधानं सांगितलं. कुणी जाऊ नका म्हटलं होतं, कोण गेलं होतं, कुणाला परत आणलं आणि नंतर आणणारीचं काय झालं. जॅकेटचे पट्टे आवळत उभे असलेले सगळे लोक ऐकत होते. त्या मुलीनं नाव पुन्हा विचारलं, फ्लोरी, असं स्वतःशी एकदा म्हणून पाहिलं. मग तिनं मान वर करून डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाली की आज आपण फक्त खाडीत फिरू, बाहेर समुद्रात जाणार नाही.

मागून एका पुरुषाचा आवाज आला की पाणी तर अगदी सपाट आहे.

मेधा वळली.